पट्टी भरेपर्यंत

“अकरा?” जोगदंड सरांनी फोनचा रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. “मॅडम, बारा असतील. पुन्हा एकदा बघता का?”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण सरांचा चेहरा मला दिसत होता. ऐकू न येणाऱ्या मुलांना चेहरे वाचायला शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली होती. सरांनी रिसीव्हर ठेवायच्या आधीच मला कळलं होतं.

“बाई, रेणुका शिंगाडेचं नाव यादीत नाही. त्यांच्याकडे अकराच नावं पोचलीत.”

“असं कसं होईल? तिचा जन्मदाखला मी माझ्या हातानं भास्करला दिला होता.”

“मग भास्करलाच विचारू.” सरांनी घंटी वाजवली.

ही २००९च्या फेब्रुवारीतली, एका बुधवारची गोष्ट. माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी आमची कर्णबधिर मुलांची निवासी शाळा होती. जोगदंड सर मुख्याध्यापक आणि मी तिथली सगळ्यात जुनी शिक्षिका. पुण्यातला एक ट्रस्ट दर वर्षी काही लहान मुलांच्या कानाच्या आत यंत्र बसवून द्यायचा. खर्च सगळा त्यांचा. अट एवढीच, की यादीच्या तारखेला मूल सहा वर्षांच्या आतलं हवं आणि त्याचं नाव चौदा फेब्रुवारीपर्यंत त्यांच्या नमुन्यातल्या यादीत, मुख्याध्यापकांच्या सहीनं पोचलेलं हवं. रेणुकाला दोन मार्चला सहा वर्षं पुरी होत होती. म्हणजे तिच्यासाठी ही एकच यादी होती. पुढच्या वर्षी तिला कुणी विचारणारसुद्धा नव्हतं.

भास्कर पाखरे आत आला. आमचा लिपिक. चाळिशीचा, अंगानं किडकिडीत, खिशाला कायम दोन पेनं. सरांनी त्याच्यासमोर यादीची ऑफिसकॉपी टाकली.

“मोज.”

भास्करनं कागद हातात घेतला. खरं सांगायचं तर त्यानं मोजलंच नाही. कागदाकडे नुसतं पाहिलं, मग क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“अकरा आहेत, सर.”

“आणि बारावं?”

“टाईप करायचं राहिलं असेल.”

“राहिलं असेल?” सरांचा आवाज चढला. “अरे, पोरीचा जन्म आहे तो! रात्रीच्या जेवणात एक भाकरी कमी पडली म्हणून सांगतोस का? संध्याकाळपर्यंत मला लेखी खुलासा पाहिजे. आणि शिंगाड्याला काय सांगायचं ते तूच ठरव.”

“देतो, सर,” भास्कर म्हणाला आणि बाहेर गेला.

मला ते पटेना. भास्कर बाजारातून सुतळी आणायला विसरेल, पण कागदावरचं विसरणारा माणूस तो नव्हता. शिवाय गुरुवारी त्यानं मला बोलावून विचारलं होतं, “बाई, शिंगाडेचं पूर्ण नाव रेणुका मल्हारी असंच ना?” मग राहिलं कसं?

मी ऑफिसात गेले तेव्हा तो खुलासा लिहीत बसला होता. समोर आमचा एकुलता एक कॉम्प्युटर. त्याच्यावर झाडलोट करणाऱ्या शेवंतामावशीनं विणलेलं झाकण.

“भास्कर, ती फाईल उघड बघू.”

“कशाला, बाई? राहू द्या ना. चूक झाली, मी कबूल केलं.”

“चूक झाली हे मलाही दिसतंय. कुठे झाली ते बघायचंय. उत्तर चुकलं की आपण वही फाडतो का? पायरी शोधतो.”

“तुमचं आपलं काहीतरीच असतं,” तो पुटपुटला. पण उठला आणि खुर्ची मला दिली.

आता त्या कॉम्प्युटरबद्दल थोडं सांगायला हवं. त्यात कागदपत्रं लिहायचा प्रोग्राम दोन आवृत्त्यांत होता, एक जुना आणि एक नवा. जुना माझ्या माहितीतला. पन्नाशी उलटल्यावर मी तो शिकले होते, एकेक अक्षर शोधत, आणि माझे सगळे पाठ त्यात होते. नवा आदल्या वर्षी आला, कारण वरून येणारे सगळे नमुने नव्यातच असायचे. भास्करनं मला दोनदा म्हटलं होतं, “बाई, आता जुना काढून टाकू या, दोघांचं पटत नाही.” मी म्हटलं होतं, “मी निवृत्त झाले की काढ. पाच महिने कळ काढ.” म्हणून दोन्ही राहिले. दुकानदारानं जुन्याला नव्याचं वाचता यावं म्हणून मध्ये आणखी एक दुभाष्या प्रोग्राम घालून दिला.

आणि पटत नाही म्हणजे खरोखर पटत नसे. जुना वापरून नवा उघडला की तो आधी सगळी मांडणी पुन्हा आपल्या मनासारखी लावून घ्यायचा. पडद्यावर ‘कृपया थांबा’ असा चौकोन यायचा आणि त्यात एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे मुंगीच्या पावलानं भरत जायची. पाच मिनिटं, कधी सात. मग पुन्हा जुना उघडला की त्याचीही तीच तऱ्हा, फक्त जरा लवकर आटपायची. शेवंतामावशी झाडू मारता मारता म्हणायची, “एका घरात दोन सवती घातल्या तुमी. एकीनं सारवलं की दुसरी उकरणार.”

मी फाईलवर टिचकी मारली. नवा प्रोग्राम उघडू लागला. चौकोन आला. पट्टी सरकू लागली.

“सकाळपासून मी नव्यातच काम करतोय,” भास्कर म्हणाला. “मगाशी तुम्ही पाठ काढायला जुना उघडला होतात, म्हणून आता थांबायला लागणार.”

थांबलो. फाईल उघडली. ट्रस्टच्या नमुन्यातला तक्ता, एकेका मुलाला एकेक आडवी ओळ, त्यात नाव, जन्मतारीख, तपासणीचे आकडे. मी बोट लावून मोजत खाली गेले. पहिल्या पानावर दहा. दुसऱ्या पानावर अकरावा अविनाश, आणि त्याच्याखाली, बारावी, रेणुका मल्हारी शिंगाडे.

“भास्कर! आहे की रे! तू टाईप केलंयस!”

मला वाटलं, माणसाला हायसं वाटेल. पण तो खिडकीतून बाहेर मैदानाकडे बघत होता.

“मग कागदावर का नाही?”

“काय माहीत, बाई.”

मी वर्गात करते तसं केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. आधी प्रिंटरवर संशय घेतला. त्याच फाईलची नवी प्रिंट काढली. दोन पानं आली, बारा नावं. म्हणजे प्रिंटर निर्दोष. मग एखादं पान हरवलं असेल म्हणून सरांच्या टेबलावरची ऑफिसकॉपी आणून शेजारी ठेवली. तर तिच्यात एकच पान, त्यावर अकरा नावं आणि खाली सरांची सही. पान हरवलं नव्हतं, पान एकच होतं. दहाच्या जागी अकरा बसले होते.

मी दोन्ही कागद खिडकीच्या उजेडात धरले. नावं तीच, पण अक्षरं वेगळी. ऑफिसकॉपीवरचा ‘श’ पोट सुटलेला, ठेंगणा. आत्ताच्या प्रिंटवरचा सडपातळ. तो ठेंगणा ‘श’ मी चांगला ओळखत होते. माझ्या सगळ्या पाठांमध्ये तोच होता.

“हे जुन्यातून काढलेलं आहे,” मी म्हटलं.

भास्करनं खुलाशाचा कागद पुन्हा पुढे ओढला.

मी जुना प्रोग्राम उघडला आणि त्यातून तीच यादी उघडली. दुभाष्यानं अक्षरं बदलली, ओळींच्या उंचीचं काहीतरी झालं, तक्ता एका पानात गोळा झाला आणि पानाच्या खालच्या कडेशी अविनाशच्या ओळीनंतर संपला. दुसरं पान नाहीच. बारावी ओळ कडेच्या खाली कुठेतरी गेली होती. पुसली नव्हती, पानाबाहेर राहिली होती. फाईलमध्ये ती होती, पण जुन्याला ती दाखवता येत नव्हती.

सापडलं, म्हणून मला आनंद झाला. अगदी क्षणभर झाला, हे मी लपवत नाही. कोडं सुटल्याचा आनंद मुलांच्या चेहऱ्यावर येतो तसाच तो माझ्याही चेहऱ्यावर आला असेल. मग तो विझला. कारण त्या ऑफिसात जुना प्रोग्राम वापरणारं माणूस एकच होतं.

शुक्रवार. तेरा तारीख. दुपारचे दोन. भास्कर म्हणाला होता, “बाई, यादी तयार आहे. जेवून येतो, मग प्रिंट काढतो.” तो गेला आणि सरांना जिल्ह्याला जायची जीप दारात आली. सर म्हणाले, “सही करून जातो, कुरिअरवाला अडीचला येईल.” मी म्हटलं, “थांबा सर, मी काढते.” फाईलवर टिचकी मारली. चौकोन आला. ‘कृपया थांबा’. भास्कर गेल्यावर मी पाठासाठी जुना उघडला होता ना. बाहेर जीपचा हॉर्न. पट्टी जागची हलेना. मी ‘रद्द करा’ दाबलं, माझा जुना उघडला, त्यातून यादी काढली, प्रिंटचं बटण दाबलं. सरांनी उभ्या उभ्या सही केली. मी पाकीट चिकटवलं.

एवढे दिवस मला वाटत होतं, की मी फक्त बटण दाबलं.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“मगाशी. सरांनी कागद हातात दिला तेव्हा. अक्षर बघूनच.”

“आणि तू म्हणालास, टाईप करायचं राहिलं.”

“बाई, तुमचा आदर्श शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव परवाच जिल्ह्याला गेलाय. मीच आवक-जावकला नोंदवला. पाच महिने उरलेत तुमचे. माझं काय, मेमो मिळेल, एखादी वेतनवाढ थांबेल. आम्हाला सवय आहे.” तो हसायचा प्रयत्न करत होता. “शिंगाडेच्या पोरीचं नुकसान तर झालंच. ते काही आता भरून येत नाही. मग उगाच दोघांचं कशाला?”

मी उठले आणि सरांच्या खोलीत जाऊन पुण्याला फोन लावला. डॉ. मेहेंदळे म्हणून बाई होत्या, यादीचं काम त्यांच्याकडे. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बाई, रागावू नका, पण तारीख उलटल्यावर असे फोन मला दर वर्षी येतात. कुणाचा भाचा, कुणाचा पुतण्या. सगळ्यांची नावं ‘चुकून राहिलेली’ असतात.”

“माझी कुणी लागत नाही ती. मेंढपाळाची मुलगी आहे.”

“असेल. पण मला दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत. चौदा तारखेच्या आधी तिचं नाव खरोखर त्या फाईलमध्ये होतं, ही एक. ई-मेलनं पाठवू नका, मला मूळ बघायची आहे. आणि नाव असताना कागदावर का आलं नाही, ते ज्यानं प्रिंट काढली त्यानं लिहून दिलेलं, मुख्याध्यापकांच्या सहीनं. शुक्रवारी दुपारी दोनला समितीची बैठक आहे. मुलीलाही आणा. पुढचं समिती बघेल.”

मी परत ऑफिसात आले. भास्करचा खुलासा टेबलावर लिहून तयार होता. सुरेख अक्षर. ‘कु. रेणुका मल्हारी शिंगाडे हिचे नाव टंकलिखित करण्याचे माझ्याकडून अनवधानाने राहून गेले.’

“हा सरांकडे गेला तर काय होईल माहीत आहे?” मी विचारलं.

“मला मेमो मिळेल.”

“रेणुकाची संधी जाईल. नाव फाईलमध्ये होतं, एवढा एकच धागा तिच्या हातात आहे. आणि तू सही करून लिहितोयस, की नाव नव्हतंच.”

त्यानं ते वाक्य पुन्हा वाचलं, ओठ हलवत, पहिलीतल्या मुलासारखं.

“हे माझ्या डोक्यातच आलं नाही,” तो हळूच म्हणाला. “आईशप्पथ, बाई, नाही आलं.”

“मला वाचवायला निघाला होतास, म्हणून नाही आलं. फाड तो कागद. फाईलची तारीख बघू.”

तारीख होती. शेवटचा बदल, तेरा फेब्रुवारी, बारा वाजून चाळीस मिनिटं. मी सुस्कारा टाकला आणि जुन्यातली यादी बंद करायला गेले. तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला: बदल साठवायचे का? मी एक अक्षरही बदललं नव्हतं, पण तो प्रोग्राम मेला दर वेळी विचारायचा, आणि दर वेळी मी सवयीनं ‘होय’ दाबायचे. त्या शुक्रवारी घाईत थेट कॉम्प्युटरच बंद केला होता, म्हणून तारीख वाचली होती. बोट त्या दिशेनं निघालंच होतं. भास्करनं माझं मनगट धरलं.

“बाई! होय दाबलंत तर आजची तारीख पडेल.”

आम्ही दोघं तसेच थांबलो. मग त्यानं माझं मनगट सोडलं आणि मी फार सावकाश ‘नाही’ दाबलं.

“पेनड्राइव्हवर घेऊ?”

“तारखेचा भरवसा नाही. कधी राहते, कधी बदलते.” तो डोकं खाजवत म्हणाला. “बाई, मूळ म्हणाल्या ना त्या? मग मूळच न्या. डबाच न्या उचलून.”

संध्याकाळी मी जोगदंड सरांसमोर माझा कागद ठेवला. प्रिंट मी काढली. घाईनं, चुकीच्या आवृत्तीतून. नावं मोजून पाहिली नाहीत. सरांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“मोजून मीही पाहिली नाहीत, बाई. जीपमध्ये एक पाय टाकून सही केली.”

“तेही लिहू का?”

“लिहा.” पेनाचं टोपण काढत ते म्हणाले, “पण हे असं लेखी आलं, की मला वर पाठवावं लागेल. प्रस्ताव परत येईल.”

“येऊ द्या.”

“तीस वर्षं…” ते म्हणाले आणि पुढचं गिळून त्यांनी सही केली.

शुक्रवारी सकाळी साडेसहाच्या एस.टी.त आम्ही तिघं होतो. मी, रेणुका आणि तिचे वडील मल्हारी. त्यांचा मेंढरांचा वाडा तेव्हा आठ कोसांवर एका शेतात बसला होता. निरोप मिळाल्यावर ते मेंढरं भावाच्या हवाली करून चालत आले होते. कॉम्प्युटरचा डबा भास्करनं गोधडीत गुंडाळून, सुतळीनं बांधून दिला होता. कंडक्टर म्हणाला, “टपावर टाका.” मल्हारींनी ऐकलं नाही. डबा मांडीवर घेतला आणि एक हात त्याच्याखाली, एक वरून, असे बसले. आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू धरून माणसानं बसावं तसे. गाडी खड्ड्यात आदळली की ते आधी डब्याला सावरायचे.

दहिवडी मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, “बाई, ह्यात माज्या पोरीचं नाव हाय म्हनत्यात. मग भाईर का नाय आलं?”

मी त्यांना सांगितलं. ते सोपं करून सांगणं मला जमलं असतं. यंत्रावर ढकलता आलं असतं. पण त्यांच्या हातातला तो डबा बघून मला तसं करवेना.

“मी घाई केली, मल्हारीभाऊ. पाच मिनिटं थांबायचं होतं, मी थांबले नाही. आणि मोजलं नाही.”

त्यांनी डब्यावरची गोधडी नीट केली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलावंच, असंही वाटत होतं.

“आमी मेंढरं सांजचं मोजून वाड्यात घेतो,” शेवटी ते म्हणाले. “एक कमी भरलं, की कुणाच्या हातनं ऱ्हायलं हे तवा इचारत न्हाय. आदी मागारी जायचं.”

ट्रस्टच्या ऑफिसात आम्ही एक वाजता पोचलो. डॉ. मेहेंदळे अपेक्षेपेक्षा लहान होत्या, पस्तिशीच्या. डब्याची गोधडी सोडताना त्या बघत राहिल्या. त्यांच्या ऑपरेटरनं, एका टाय लावलेल्या तरुणानं, आमचा डबा त्यांच्या पडद्याला जोडला. मी माझा कागद डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला नाही. “आधी फाईल,” म्हणाल्या.

तरुणानं आधी फाईलची तारीख दाखवली. तेरा फेब्रुवारी, बारा चाळीस. डॉक्टरांनी मान हलवली. “उघडा.”

त्यानं टिचकी मारली. चौकोन आला. कृपया थांबा. बुधवारी शेवटचा जुना प्रोग्राम वापरला होता, त्यामुळे नवा पुन्हा सगळं लावून घेत होता. पट्टी डाव्या टोकाला चिकटून बसली.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. तरुण म्हणाला, “मॅडम, यांच्या मशीनमध्ये जुनं व्हर्जनपण आहे. हे रद्द करून त्यात उघडतो, पटकन होईल.”

त्याचं बोट बटणावर होतं.

“नको,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “रद्द नका करू. थांबू या.”

रेणुका वडिलांच्या मांडीवर बसून ती हिरवी पट्टी बघत होती. तिला ती आवडली असावी. पट्टी एक घर पुढे सरकली, की ती माझ्याकडे बघून बोट पुढे सरकवून दाखवायची. मीही तिला बोट सरकवून दाखवायचे. असं आम्ही सहा मिनिटं केलं. माझ्या आयुष्यात एवढी लांब सहा मिनिटं दुसरी नाहीत.

फाईल उघडली. रेणुका मांडीवरून उतरली आणि पडद्याजवळ गेली. आमच्या शाळेत पंगतीत ताटं मोजायचं काम लहान मुलांकडे असायचं, त्यामुळे ओळ दिसली की मोजायची, हे त्यांच्या हाडात गेलेलं. ती एकेका ओळीला बोट लावत खाली आली. तरुणानं दुसरं पान वर घेतलं. अकरावी ओळ. बारावी. तिथे बोट थांबलं. तिच्या वसतिगृहातल्या पेटीवर मीच पांढऱ्या रंगानं तिचं नाव लिहिलं होतं. तो आकार तिला ओळखू येत होता. तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट आपल्या हनुवटीवरच्या गोंदणावर टेकवलं. मग पुन्हा ओळीवर. पुन्हा हनुवटीवर.

“काय म्हणतेय ती?” डॉक्टरांनी विचारलं.

“तिचं नाव सांगतेय. आमच्याकडे प्रत्येक मुलाचं हातानं घ्यायचं एक नाव असतं. हिचं हे.”

डॉक्टरांनी आपलं बोट आपल्या हनुवटीला लावून बघितलं. रेणुकानं जोरात मान डोलावली.

मग त्यांनी माझा कागद उघडला, शेवटपर्यंत वाचला.

“प्रिंट काढणाऱ्या बनकरबाई कोण?”

“मीच.”

“हे कुणी तुम्हाला लिहायला लावलं?”

“कुणी नाही.”

त्यांनी कागदाची घडी घातली आणि तो फाईलला लावला. बैठकीला जाताना त्या दारात थांबल्या. “मुलीला जेवू घाला. चार वाजता तिची तपासणी करू.”

एप्रिलमध्ये रेणुकाचं ऑपरेशन झालं. ती बोलू लागली ते लगेच नाही. फार हळू, आणि तिची तीच बोलू लागली, एकेक आवाज घासून. तोवर मी निवृत्त झाले होते. पुरस्काराचा प्रस्ताव मार्चमध्येच परत आला, आणि माझ्या सेवापुस्तकात शेवटच्या पानावर लाल शाईत एक ताकीद आहे. ती अजून आहे. मी ती कुणाला दाखवायला लाजत नाही, पण आपण होऊन दाखवतही नाही.

मला जे आठवत राहतं, ते मात्र पुण्याला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवसाचं, शनिवारचं. शाळा सुटली होती. मी आणि भास्कर ऑफिसात डबा परत जागेवर लावत होतो. तो टेबलाखाली वाकून वायरी जोडत होता, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता.

“एक विचारू, भास्कर? नुसत्या पुरस्काराकरता तू तो खुलासा लिहिला नव्हतास.”

त्यानं एक वायर खटकन बसवली.

“आमच्या निवासला तुम्ही ‘प’ शिकवला, आठवतं?”

आठवत होतं. निवास त्याचा मुलगा, आमच्याच शाळेतला. तळहातावर कोंबडीचं पीस ठेवायचं आणि ‘प’ म्हणायचं. ‘प’ बरोबर निघाला की पीस उडतं. निवासचं पीस उडत नसे.

“तीन वर्षं लागली, बाई. रोज शाळा सुटल्यावर तुम्ही त्याला घेऊन बसायच्या. मी ह्या खिडकीतून बघायचो. मला घरी जायची घाई असायची, बायको वाट बघत असायची. मनात म्हणायचो, आज ह्या उठतील, आता उठतील. तुम्ही एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. तीन वर्षांत एकदाही नाही.” त्यानं पुढची वायर ओढली. “त्या बाईंनी घाई केली असं माझ्या हातानं कसं लिहू, सांगा.”

मी खुर्चीवर बसले. समोर काळा पडदा होता.

“पण केली, भास्कर,” मी म्हटलं.

तो टेबलाखालून बाहेर आला, हात झटकले आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. त्यानं मला काही न विचारता जुना प्रोग्राम काढून टाकायला घेतला, आणि मीही त्याला काही म्हटलं नाही. पडद्यावर चौकोन आला. कृपया थांबा. पट्टी सरकू लागली.

शेजारी स्टूल होतं, ते त्यानं ओढून घेतलं. पट्टी भरेपर्यंत आम्ही दोघं तिथे बसून राहिलो.